लाल गर्दीत डिनी

गोरेटी टूमीने तीस वर्षं रग्बी पाहिली ती धुण्याच्या टबात. तिचा नवरा डिनी हा लिमरिकच्या गोदीवरचा हमाल. शनिवार आला की तो आमच्या वस्तीच्या क्लबाकडून खेळायचा, तेही स्क्रमच्या अगदी मधोमध, दोन आडदांड गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून समोरच्यांच्या डोक्यात डोकं खुपसायच्या जागी. त्याचं खेळणं सुटलं तरी पंधरा जर्सींचं बोचकं रविवारी सकाळी टूमींच्या दारात यायचंच. चिखलाचा रंग बघून सामना कुठल्या मैदानावर झाला ते गोरेटी सांगायची. कुणाचं रक्त, कुणाचे टाके उसवले, हेही तिला आधी कळायचं. प्रत्यक्ष सामन्याला मात्र ती फारशी गेली नाही. पोर लहान, मग सॉसेजच्या कारखान्यातली पाळी, मग सासू अंथरुणाला खिळलेली. बाईला काय, कामं संपतात थोडीच.

क्लबाच्या वरचा आमचा प्रांताचा संघ मन्स्टर, लाल जर्सीवाला. युरोपातल्या मोठ्या चषकासाठी तो दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आला. पहिल्यांदा लंडनला, एका गुणाने. दुसऱ्यांदा वेल्समध्ये, कार्डिफला. दोन्ही वेळा डिनी आपल्या जुन्या जोडीदाराबरोबर, जोजोबरोबर, गेला होता. कार्डिफहून आल्यावर तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने किटली फ्रीजमध्ये ठेवली. पराभवाने माणूस सैरभैर झालाय, असं गोरेटीला वाटलं. पुढे वर्षभराने डॉक्टरांनी त्या सैरभैरपणाला नाव दिलं, आणि त्यावर औषध नाही असंही सांगितलं.

त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात दोघं गाडीत बसून होती. गोरेटीने किल्ली फिरवली नव्हती. डिनी काचेतून बाहेर बघत म्हणाला, "आपली पोरं परत फायनलला जातील."

"जातील की."

"तेव्हा मला ने. मी कोण, हे माझं मला ठाऊक नसलं तरी ने."

"नेईन," ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

त्या पराभवानंतर चार वर्षांनी पोरं खरंच पोचली, पुन्हा कार्डिफलाच. तोवर डिनीचं बरंच काही गेलं होतं. आधी रस्ते गेले, मग वार, मग मुलीचं नाव. गोरेटीचं नाव त्याने नाताळनंतर घेतलं नव्हतं. तो तिला 'बाई' म्हणायचा, कधी स्वतःच्या आईच्या नावाने हाक मारायचा. फेब्रुवारीत एका दुपारी ती कपडे वाळत घालायला परसात गेली, तर घरात चोर शिरू नये म्हणून त्याने आतून कडी लावली. घरातल्या सपातांवर ती बाई दोन तास थंडीत उभी होती. काचेपलीकडून तो तिला लाटणं दाखवत होता. शेवटी शेजारणीने कुंपणावरून हात देऊन तिला बाहेर काढलं.

हे कळल्यावर मुलगी फिडेल्मा कॉर्कहून धावत आली. ती परिचारिका, तिच्या ओळखीपाळखी. शहराबाहेर नन्सचा एक वृद्धाश्रम आहे, तिथे तिने बापासाठी खाट मिळवली. खाट रिकामी होणार होती बावीस मेला, सोमवारी. फायनल होती वीस मेला, शनिवारी.

"शनिवारी वेल्स आणि सोमवारी आश्रम?" फिडेल्मा म्हणाली. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"त्याचं नाही, म्हणून माझं ठेवावं लागतंय."

"त्यांना कळणार तरी आहे का कुठे आलोय ते?"

"मला कळणार आहे."

जोजोने तीन तिकिटं आणली. कुठून, ते विचारू नकोस म्हणाला. शुक्रवारी समर्थकांच्या बसमधून ते निघाले, रॉसलेअरला बोटीवर चढले आणि शनिवारी उजाडता वेल्सच्या किनाऱ्याला लागले. बसमध्ये सगळे ओळखीचे. कुणीतरी जुनं गाणं धरलं आणि डिनीने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कडवं न गाळता म्हटलं. सगळी बस त्याच्याकडे वळून बघायला लागली. "डिनी तर ठणठणीत आहे की गं," मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला. "आम्हाला उगाच घाबरवलंस."

गोरेटी नुसती हसली. त्यांना तो एका गाण्यापुरता दिसत होता. गाणं संपताच तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, बस किती वाजता सुटते?" बोटीवर चढल्यापासून त्याने तिचा डावा हात जो धरला होता, तो सोडला नव्हता. चहा पिताना नाही, सँडविच खाताना नाही. बायकांच्या मुतारीत ती गेली तेव्हा जोजोने त्याला दाराशी अक्षरशः कवेत धरून ठेवलं, तरी तो दार ठोठावत राहिला. कार्डिफला उतरेपर्यंत तिची बोटं बधिर झाली होती.

शहर लाल झालं होतं. आमचे लोक लाल जर्सीत, आणि समोरचा फ्रान्समधला संघ तोही लाल-पांढरा. खिडक्यांतून लाल, पुलांवर लाल, गल्लीबोळांतून लाल लोंढे वाहत होते. दुपारी सव्वाला ते स्टेडियमजवळच्या रस्त्यावर पोचले. बसमधल्या दोघांसाठी वेगळी आणलेली तिकिटं द्यायला जोजो कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे एका बंद दुकानाच्या बाहेर दगडी कठडा होता. गोरेटीने डिनीला त्यावर बसवलं, त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "इथेच बस. हलायचं नाही. मी चहा आणते."

चहाची गाडी दहा पावलांवर. तिने चहा घेतला. मग तिने जे केलं ते पुढे किती तरी दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. ती लगेच वळली नाही. गरम कप तिने दोन्ही हातांनी धरला. दोन्ही हात तिचे होते. समोरच्या चौकात हजारभर माणसं एका सुरात गात होती, आणि तिने गर्दीकडे तोंड आणि कठड्याकडे पाठ करून डोळे मिटले. दोन मिनिटं. फार तर तीन.

वळून बघते तर कठड्यावर चार अनोळखी पोरी चिप्स खात बसलेल्या.

"इथे एक माणूस होता," ती म्हणाली. "म्हातारा. लाल जर्सीतला."

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. एकीने संकोचून रस्त्याकडे हात केला. रस्ताभर लाल जर्सीतले म्हातारे चालत होते.

आधी ती चालली, मग पळाली. "डिनी" म्हणून हाक मारली तर तीन वेगळेच डिनी वळले. पाठमोरी रुंद खांद्यांची माणसं ती बाही धरून वळवायची, आणि दर वेळी परकं तोंड समोर यायचं. एकाने तिला मिठी मारली, त्याला वाटलं आनंदाने करतेय. जोजो परतला तेव्हा तिने नुसता कठडा दाखवला.

कोपऱ्यावर एक तरुण पोलीस पोरगी उभी होती. तिने वही काढली.

"काय घातलंय त्यांनी?"

"लाल जर्सी."

पोरीचं पेन थांबलं. तिने एकवार रस्त्यावर नजर टाकली आणि पुन्हा सौम्य आवाजात विचारलं, "ओळखीची काही खूण?"

"दोन्ही कान फुलकोबीसारखे. स्क्रममध्ये चेंगरून चेंगरून झालेले."

"बाई, तसे कानही आज इथे बरेच आहेत," पोरगी म्हणाली. चेष्टेने नव्हे. तिने नाव, वय, उंची लिहून घेतली, बिनतारी यंत्रावर कुणाकुणाशी बोलली, आणि स्टेडियमच्या दारांवर कळवते म्हणाली. त्याचं तिकीट त्याच्याकडे आहे का? नव्हतं. तिन्ही तिकिटं गोरेटीच्या पर्समध्ये.

अडीच वाजले. गर्दी आत सरकायला लागली. जोजो म्हणाला, "मी आत जात नाही. जाऊन करू काय?" पण बोलताना त्याची नजर दाराकडे गेली, आणि ती गोरेटीने पाहिली. सहा वर्षं या दिवसाची वाट बघत होता तो.

"तू आत जा," ती म्हणाली. "कुणी त्याला तसंच आत सोडलं असेल तर खुर्चीवर ओळखीचं माणूस हवं."

"आणि तू?"

"मी बाहेर बघते."

"गोरेटी."

"जा ना रे. उभा राहून मला रडवू नकोस."

तो गेला. तीनला सामना सुरू झाला आणि रस्ते ओस पडले. हे तिला गर्दीपेक्षा भयंकर वाटलं. गर्दीत निदान प्रत्येक पाठ डिनीची असण्याचा संभव होता. आता पुढे नुसते कागद, रिकामे डबे आणि झाडू मारणारा एक माणूस. मधूनच स्टेडियममधून गर्जना यायची, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि ती दचकून तिकडे बघायची, जणू ती तिच्याचबद्दल होती. मोबाईल तिने काढून बघितला. तो आयर्लंड सोडल्यापासून मुका होता.

ती प्रार्थना म्हणायला लागली. हरवलेल्या वस्तूंसाठी आमच्याकडे संत अँथनी. किल्ली, पाकीट, चष्मा, काहीही हरवलं की बायका त्याचंच नाव घेतात. "अँथनी, या वेळी पाकीट नाही रे बाबा," ती चालता चालता पुटपुटत होती. "माणूस आहे. मी त्याला हरवलं नाही, मी त्याला सोडलं. पण तू शोध."

स्टेडियमला लागूनच टाफ नदी वाहते. चालत चालत ती काठच्या कठड्यापाशी आली आणि खाली बघितलं. पाणी तपकिरी, ओढीचं. डिनीचं सारं आयुष्य पाण्याच्या काठी गेलेलं. गोदीवरचा माणूस, पाणी दिसलं की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे उभी असताना तिच्या मनात एक विचार आला. मुद्दाम आणला नव्हता, आपणहून आला. तो पाण्यात गेला असेल तर सोमवार टळला. त्याची बॅग भरायला नको, त्याला आश्रमाच्या लांब मार्गिकेतून न्यायला नको, मागे वळून बघायला नको.

विचार पुरता होण्याआधी कठड्याला धरून तिने सकाळचं सगळं ओकून टाकलं. मग तोंड पुसलं आणि नदीच्या काठाकाठाने पळत सुटली, खाली बघत, लाल काही दिसतंय का ते बघत. एक लाल फुगा वाहत होता, तेवढाच.

चार वाजून गेले. इस्पितळात कुणाला आणलंय का ते विचारायला ती पोलीस चौकीत गेली, तिथून परत आली. त्याच त्या गल्ल्या ती तिसऱ्यांदा तुडवत होती. एका अरुंद गल्लीत न्हाव्याचं दुकान होतं. आधी दोनदा ती त्यासमोरून गेली होती. आत रेडिओवर सामन्याचं वर्णन चालू होतं, आणि काचेतून दिसत होतं ते नेहमीचंच, खुर्चीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं गिऱ्हाईक. ती लाल शोधत होती. पांढऱ्याकडे तिने बघितलंच नव्हतं. या वेळी ती दम खायला काचेला टेकली, मान खाली गेली, आणि तिला कापडाखालचे बूट दिसले. तपकिरी बूट, नाडीला दोन गाठी, वर तिसरी. पहाटे बोटीवर गुडघे टेकून तिने स्वतः बांधलेल्या.

दार ढकलून ती आत आली आणि तिथेच उभी राहिली. 

सत्तरीचा न्हावी, ग्विलिम त्याचं नाव, हातातला ब्रश खाली ठेवून म्हणाला, "तुमचे का हे?"

तिने मान हलवली.

"देवा रे. या, बसा आधी. दीडच्या सुमाराला आले हो. थेट खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'नेहमीसारखं कर, आज मॅच आहे.' आता नेहमीसारखं म्हणजे काय, मला कुठे ठाऊक. केस कापले, दाढी केली. उठा म्हटलं की परत म्हणतात नेहमीसारखं कर. तीनदा केली दाढी. आता गालावर करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून नुसता फेस लावत बसलोय. दारातून बाहेर सोडवेना मला."

जर्सीच्या कॉलरच्या आत गोरेटीने घरचा फोन नंबर शिवला होता. तो ग्विलिमने बघितला होता आणि तीनदा लावलाही होता. लिमरिकच्या रिकाम्या स्वयंपाकघरात तो वाजत राहिला होता. पोलिसांनाही त्याने फोन लावला होता, पण आज तिकडची लाइन मोकळी मिळेना, आणि दुकान सोडून जाणार कुठे.

डिनी आरशातून तिच्याकडे बघत होता. चेहरा गुलाबी, केस चापून बसवलेले. लग्नाच्या दिवशी दिसला होता तसा.

"ही बाई का रडते?" त्याने न्हाव्याला विचारलं.

"तुमचीच वाट बघत होती."

"माझी? नाही, नाही. माझी बायको येणार आहे. तिकिटं तिच्याकडे आहेत." मग त्याने मान वळवून गोरेटीला धीर दिला. "उशीर करणाऱ्यातली नाही ती. तुम्ही काळजी करू नका."

"येईल ती," गोरेटी म्हणाली. ती बाकावर बसली. ग्विलिमने तिच्या हातात चहा दिला, त्यात चार चमचे साखर घातलेली. 

रेडिओवर शेवटची काही मिनिटं चालू होती. फरक एका गुणाचा उरला होता. निवेदकाचा आवाज चिरकायला आला होता. मग आमच्या माणसाने लाथेने चेंडू खांबांमधून काढला, अंतर वाढलं, आणि थोड्या वेळाने अशी गर्जना झाली की फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. ग्विलिमने आवाज कमी केला आणि डिनीचा हात हातात घेतला.

"अभिनंदन, साहेब. आणला चषक."

"कोण जिंकलं?"

"तुम्ही."

"वा," डिनी म्हणाला. "कुणाशी?"

गोरेटी आनंद शोधत होती. असायला हवा होता, सहा वर्षांचा साठलेला. तिच्या हाताला लागला तो नुसता थकवा. तिने त्याच्या मानेवरचे केस झटकले, पांढरं कापड काढलं आणि हात पुढे केला. अनोळखी बाईचा हात धरावा तसा, थोड्या अदबीने, त्याने तो धरला.

बसपाशी जोजो रडत आला. आधी चषकामुळे रडत होता, मग दोघांना बघून वेगळंच रडू फुटलं त्याला.

"दोन रिकाम्या खुर्च्यांशेजारी बसलो होतो," तो म्हणाला. "मला मॅच दिसलीच नाही, गोरेटी."

"खोटं बोलू नकोस."

"थोडी दिसली," जोजो म्हणाला. "मध्येच तिथल्या मोठ्या पडद्यावर आपल्या लिमरिकचा रस्ता दाखवला. सगळा लाल. लोक उभे राहून ओरडत होते, आणि मी त्या पडद्यावरही डिनीला शोधत होतो."

परतीच्या वाटेवर लोक डिनीला विचारत होते, काय सामना झाला म्हणून. तोही सांगत होता. "झकास. शेवटी शेवटी तर त्यांचा तो तांबड्या केसांचा गडी माझ्या अंगावरच आला." तो कुठल्या तरी अडुसष्ट सालच्या सामन्याबद्दल बोलत होता. बस ऐकत होती, मान डोलवत होती. गोरेटी शेजारी बसली होती आणि तिचा डावा हात त्याच्या मुठीत होता.

रविवारी दुपारी ती घरी पोचली. डिनीला खुर्चीत बसवलं. फोनच्या यंत्रावर तीन निरोप होते, तांबडा दिवा लुकलुकत होता. तिने बटण दाबलं. पहिले दोन ग्विलिमचे, घाईघाईचे, माझ्या दुकानात एक गृहस्थ आहेत असे. तिसऱ्यात ग्विलिम पत्ता सांगत होता, आणि मागून, रेडिओच्या आवाजातून, दुसरा आवाज आला. स्वच्छ, नेहमीचा, वैतागलेला.

"गोरेटीला सांग, मी इथेच आहे. हललो नाही म्हणावं."

 ती खुर्चीपाशी जाऊन म्हणाली, "डिनी, मी गोरेटी." त्याने नम्रपणे मान हलवली आणि विचारलं, बस किती वाजता सुटते.

सोमवारी ती त्याला घेऊन गेलीच. फिडेल्मा गाडी चालवत होती. डिनी मागे झोपला होता. अर्ध्या वाटेवर गोरेटीने चहाच्या गाडीपाशी काय झालं ते लेकीला सांगितलं, सगळं, डोळे मिटले तेही. नदीचंही सांगितलं.

"माझ्या वॉर्डात आम्ही आठ तासांनी पाळी बदलतो, आई," फिडेल्मा म्हणाली. "तू चार वर्षं बदलली नाहीस."

"पण मला बरं वाटलं गं. हात सुटला तेव्हा."

 वळण आलं होतं, फिडेल्माने गाडी वळवली. आश्रमाच्या दारात एका ननने डिनीची बॅग घेतली. त्याने आपणहून कोट काढला, खुंटीला लावला आणि आत गेला, सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत जावं तसा.

पुढे तो एकोणीस महिने जगला. गोरेटी रोज बाराच्या बसने जायची, त्याला भरवायची, चारच्या बसने यायची. शनिवारी त्याची दाढी ती स्वतः करायची. तिला नाव घेऊन त्याने पुन्हा कधी हाक मारली नाही. रविवारी क्लबाच्या जर्सींचं बोचकं दारात येत राहिलं, आणि एकदा जोजोने चाचरत विचारलं की आता दुसऱ्या कुणाकडे देऊ का. "कशाला," ती म्हणाली, "टब आहे की माझा."